गणपतीच्या देखाव्यात चौदा शिखरं: पाच फलकांवर कोणाची नावं घालावीत?

चारभिंती
मंडळी, मदत हवी आहे.

यंदा आमच्या मंडळाने चौदा आठहजारी (आठ हजार मीटरहून उंच) शिखरांचा देखावा करायचं ठरवलंय. थर्माकोल बंद असल्यामुळे बांबूच्या कामट्या, गोणपाट आणि कागदाचा लगदा. पोरं रोज रात्री दहापर्यंत राबतायत. एव्हरेस्ट, के-टू आणि कांचनजंगा उभे राहिलेत, ल्होत्सेचं काम चालू आहे. मंडपाच्या डाव्या अंगाला पाच फलक बसतात. सहावा घातला तर दर्शनाच्या रांगेला वाट उरत नाही. त्या पाचांवर जगातल्या मोठ्या विक्रमी चढायांची माहिती लिहायची आहे.

मी काढलेली यादी अशी:
मेस्नर: चौदाही शिखरं सर्वांत आधी, १९७० ते १९८६.
कुकुच्का: तीच चौदा, आठ वर्षांच्या आत, १९८७.
निर्मल पुर्जा: २०१९, सहा महिने सहा दिवस.
क्रिस्टिन हरिला: २०२३, ९२ दिवस.
आणि आपल्या साताऱ्याची प्रियांका मोहिते.

माझी पुतणी सातवीत आहे. तिने यादी वाचली आणि विचारलं, "काका, सोळा वर्षांचे ब्याण्णव दिवस झाले, म्हणजे पहिला माणूस सगळ्यात हळू आणि शेवटची बाई सगळ्यात भारी, असंच ना?" मला नीट उत्तर देता आलं नाही. तेव्हापासून ही यादी मलाच खुपते आहे. विक्रम मोजायचा कशाने?

घाटधाव
यादी एकदम बरोबर आहे, हात लावू नका. विक्रम म्हणजे घड्याळ. आम्ही हिल मॅरेथॉनला यवतेश्वरचा घाट चढतो तेव्हा वर कोणी विचारत नाही की तू कोणत्या मनाने आलास. वेळ विचारतात. पुर्जाच्या आधीचा विक्रम कोरियाच्या किम चांग-होचा, सात वर्षं दहा महिने. तो या गड्याने सहा महिन्यांवर आणला. लोक वेड्यात काढत होते, तरी घर गहाण टाकून निघाला. यापुढे बोलायचं काय राहतं?

सह्यवेडी
घाटधाव, किम चांग-होने कृत्रिम ऑक्सिजन न वापरता चौदाही शिखरं केली होती. पुर्जाने २०१९ मध्ये वापरला. एका बेस कॅम्पवरून दुसऱ्या बेस कॅम्पला जाताना हेलिकॉप्टर घेतलं. दोर लावायला आणि वाट पाडायला सोबत तगडे शेर्पा होते. त्याने यातलं काही लपवलं नाही, म्हणून त्याचा मान कमी होत नाही. पण किमची वर्षं आणि पुर्जाचे महिने एकाच घड्याळावर लावता येत नाहीत. तुम्ही पायी घाट चढलात आणि दुसरा सायकलवरून आला, तर दोघांना एकाच यादीत धराल का?

कंदीपेढा
मी तर म्हणतो जो वर पोचला त्याला राजवाड्यावर बोलवा, पेढे माझ्याकडून. मेस्नरसाहेब आले तर दोन किलो.

डॉ_माहुली
ऑक्सिजनचा विषय निघालाच आहे तर थोडं सांगतो, कारण इथे बहुतेकांचा एक गैरसमज असतो.

वर हवेतला ऑक्सिजन टक्केवारीने कमी होत नाही. पोवई नाक्यावर २१ टक्के आणि एव्हरेस्टच्या माथ्यावरही २१ टक्केच. कमी होतो तो हवेचा दाब. माथ्यावर तो समुद्रसपाटीच्या साधारण एक तृतीयांश असतो, त्यामुळे एका श्वासात मिळणारा ऑक्सिजनही तेवढाच. आठ हजार मीटरच्या वर शरीर या हवेशी जुळवून घेऊच शकत नाही. तिथे थांबलेला माणूस बसल्या जागी खंगत जातो. फुप्फुसात पाणी होतं, मेंदूला सूज येते, बोटं काळी पडतात. त्याहून भयंकर म्हणजे विचारशक्ती मंदावते आणि आपली विचारशक्ती मंदावली आहे हेच त्याला कळत नाही.

नळकांडं आणि मास्क लावला की शरीराला तेच शिखर बरंच बुटकं होतं. हात-पाय गरम राहतात, डोकं चालतं. म्हणून ८ मे १९७८ हा दिवस मला सगळ्यात मोठा वाटतो. त्या दिवशी राइनहोल्ड मेस्नर आणि पीटर हाबेलर एव्हरेस्टवर बिनऑक्सिजनचे पोचले. त्याआधी शरीरशास्त्राच्या कितीतरी जाणकारांना ते अशक्य वाटत होतं. मेंदूला कायमची इजा होईल या धास्तीने हाबेलर माथ्यावरून साउथ कोलपर्यंत, म्हणजे माथ्याखालच्या खिंडीपर्यंत, तासाभरात घसरत उतरला. मेस्नर दोन वर्षांनी, २० ऑगस्ट १९८० ला, पुन्हा गेला. तिबेटच्या बाजूने, एकटा, पावसाळ्यात, पुन्हा बिनऑक्सिजनचा.

माणसाचं शरीर कुठवर जाऊ शकतं याबद्दल आपल्याला जे ठाऊक होतं ते त्या चढाईने बदललं. माझ्या लेखी विक्रम तो.

घाटधाव
डॉक्टरसाहेब, हे मान्य. मास्कशिवाय धाप लागते एवढंच मला माहीत होतं. तरी पुर्जाचं नाव काढू नका. त्याच मोहिमेत कांचनजंगावरून उतरताना त्याने आणि त्याच्या साथीदारांनी वर अडकलेल्या भारतीय गिर्यारोहकांना स्वतःचे ऑक्सिजन देऊन टाकले होते. ज्याचं घड्याळ चालू आहे असा माणूस थांबला, हे मला त्या सहा महिन्यांहून मोठं वाटतं.

सह्यवेडी
हे मात्र शंभर टक्के.

माणदेशी
आवं पन त्यो वर गेलता ह्ये ठरवनार कोन? २०१६ ला नेपाळनं आपल्याकडच्याच दोघास्नी धा वर्सं बंदी घातली, एव्हरेस्टचा फोटू जुळवून लावला म्हनून. आमच्याकडं दुष्काळात ट्यँकर आला म्हनून सही घेत्यात, पानी कुनीच बघितल्यालं नसतंय. तसंच झालं की.

सह्यवेडी
माणदेशी दादा, यात अजून खोल पाणी आहे. खोटं बोलणारे सोडा, खरं बोलणारेही चुकले असतील असा वाद आहे. जर्मनीचे एबरहार्ड युर्गाल्स्की वर्षानुवर्षं शिखरांची छायाचित्रं, नकाशे आणि चढाईची वर्णनं ताडून बघत होते. २०२२ मध्ये त्यांनी मांडलं की चौदाही शिखरांच्या अगदी टोकावर पोचल्याचा पुरावा फक्त तिघांचा आहे: एड व्हिएस्टर्स, वेइक्का गुस्ताफसन आणि निर्मल पुर्जा. अन्नपूर्णेचा माथा लांबलचक धारेसारखा आहे आणि मेस्नर १९८५ मध्ये त्यावर खऱ्या टोकाच्या थोडा अलीकडे थांबला, असं त्यांचं म्हणणं. मग सप्टेंबर २०२३ मध्ये गिनीजने पहिलेपणाचा मान मेस्नरकडून काढून व्हिएस्टर्सला दिला.

आणि व्हिएस्टर्सने काय करावं? पहिला मेस्नरच, असं त्याने स्वतः सांगितलं.

मनस्लूवर तर वर्षानुवर्षं बरेच जण धारेवरच्या अलीकडच्या उंचवट्यावरून परत फिरत. २०२१ मध्ये मिंग्मा जी खऱ्या टोकावर गेला, त्याचं ड्रोनमधून घेतलेलं छायाचित्र आलं आणि सगळ्यांना फरक डोळ्यांनी दिसला. पुर्जा त्याच मोसमात मनस्लूवर पुन्हा गेला आणि टोकापर्यंत जाऊन आला.

बोगद्यापलीकडे
म्हणजे चारभिंतींनी लगद्याचं मनस्लू करताना टोक नीट करावं. नाहीतर युर्गाल्स्की मंडपात येतील :)

चारभिंती
मनस्लू उद्याच करायचंय. धार आणि टोक दोन्ही दाखवतो, पोरांना सांगितलंय.

सह्यवेडीताई, व्हिएस्टर्सची गोष्ट पुतणीला वाचून दाखवली. ती म्हणाली, "मग त्यालाच बक्षीस द्या, परत केल्याबद्दल."

मास्तर_वाई
तुमची पुतणी माझ्या वर्गात असायला हवी होती.

मी कुकुच्काबद्दल लिहितो, कारण यादीत नाव असूनही त्याच्याबद्दल कोणी बोललं नाही. येर्झी कुकुच्का पोलंडच्या काटोवित्सेचा, कोळशाच्या खाणीच्या मुलखातला. तेव्हा पोलंडमध्ये साम्यवादी राजवट होती. परदेशी चलन मिळायचं नाही, चांगली साधनं मिळायची नाहीत. ही मंडळी कारखान्यांची धुराडी रंगवून मोहिमेचे पैसे उभे करत. उंचावर दोराला लटकून काम करायचं ते यांना जमायचंच. कपडे-तंबू घरी शिवून घेत. अशा गबाळ्यात त्याने आठ वर्षांच्या आत चौदा शिखरं केली. त्यांतली चार हिवाळ्यात आणि बहुतेक नव्या वाटांनी. कृत्रिम ऑक्सिजन वापरला तो फक्त एव्हरेस्टवर. एकाच हिवाळ्यात, १९८५ च्या सुरुवातीला, धौलागिरी आणि चो ओयू ही दोन शिखरं.

मेस्नर पहिला आला, हा दुसरा. मेस्नरने तेव्हा त्याला तार केली होती, तू दुसरा नाहीस, तू थोर आहेस अशी.

त्याचं पहिलं आठहजारी शिखर ल्होत्से, १९७९. दहा वर्षांनी तो त्याच ल्होत्सेच्या दक्षिण भिंतीवर गेला. दोर काठमांडूच्या बाजारातून घेतलेला, बारीक. २४ ऑक्टोबर १९८९ ला तो तुटला.

मी शाळेत खाशाबा जाधवांचा धडा शिकवतो तेव्हा मला हा माणूस आठवतो. गोळेश्वरच्या खाशाबांनाही १९५२ ला हेलसिंकीला जायला वर्गणी गोळा करावी लागली होती. हातात काय होतं आणि त्यातून काय केलं, हे फलकावर आलं पाहिजे. नुसते आकडे लिहिलेत तर सातवीतली मुलगी काढील तोच अर्थ निघणार. दुसरा कुठून काढणार ती?

कोयनाकाठ
मास्तर, मन भरून आलं. खाशाबांचं नाव निघालं की आमच्या कराडकडच्या माणसाचं होतंच असं.

घाटधाव
कुकुच्का मला माहीतच नव्हता. धुराडी रंगवायचा! त्याचा फलक सगळ्यात मोठा करा.

अपशिंगेकर
नमस्कार. मी इथे फारसा लिहीत नाही. फौजेत अठरा वर्षं काढली, त्यातली एक पाळी सियाचीनची.

तुमच्या पाच नावांत ओझं वाहणारा एकही नाही. हे बरोबर नाही.

आम्हाला बेस कॅम्पला आधी बर्फावर चालायला शिकवलं. मग एका दोराला सात-आठ जण बांधून वर न्यायचे. बर्फात भेगा असतात, वरून ताजं बर्फ पडलेलं असतं, दिसत नाहीत. पुढच्याचा पाय गेला तर मागच्यांनी धरायचं. बाना सिंगसाहेबांच्या नावाची चौकी २१ हजार फुटांच्या वर आहे. १९८७ ला त्यांनी ती जिंकली. आम्ही तिथवर नव्हतो, पण खालच्या चौकीवरही बुटाची नाडी बांधून सरळ झालं की दहा श्वास घ्यावे लागत. सूर्य मावळला की बोटं मोजायचो, सगळी हलतायत ना.

आणि त्या वाटेवर नुब्रा खोऱ्यातले हमाल पाठीवर रॉकेल, डबे, दारूगोळा घेऊन आमच्या पुढे चालायचे. आमच्यापेक्षा जास्त ओझं. त्यांच्या अंगावर ना पदकं, ना त्यांच्या नावाची चौकी. एकदा माझा पाय गुडघ्यापर्यंत भेगेत गेला तेव्हा कॉलर धरून ओढणारा हमालच होता. त्याचं नाव मला येतं, इथे लिहीत नाही.

हरिलाबाई ९२ दिवसांत गेली. तिच्याबरोबर प्रत्येक शिखरावर कोण होता ते लिहा.

सह्यवेडी
काका, तुम्ही लिहिलंत ते फार गरजेचं होतं.

तिच्याबरोबर तेन्जेन शेर्पा होता. चौदाच्या चौदा शिखरांवर, त्याच ९२ दिवसांत. २६ एप्रिलला शिशापांग्मा, २७ जुलैला के-टू. विक्रम दोघांचा आहे. पण बातम्यांत एकच नाव मोठं यायचं. आणि तीन महिनेही पुरते झाले नव्हते, ७ ऑक्टोबर २०२३ ला त्याच शिशापांग्मावर तो हिमस्खलनात गेला. तेव्हा तो दुसऱ्या एका गिर्यारोहकाला माथ्यावर नेत होता. ते त्याचं कामच होतं.

२७ जुलैचंही सांगते. त्या दिवशी के-टूच्या बॉटलनेक नावाच्या घळीत मोहम्मद हसन नावाचा पाकिस्तानी हमाल घसरून दोराला लटकला आणि तिथेच मेला. घरी बायको आणि तीन लेकरं. चित्रफितीत माणसं त्याला ओलांडून वर जाताना दिसली आणि जगभर संताप उसळला. हरिलाचं म्हणणं, तिच्या चमूने त्याला वाचवायचा प्रयत्न केला आणि तिचा छायाचित्रकार बराच वेळ त्याच्यापाशी थांबला होता. मी तिला दोषी धरत नाही. त्या अरुंद घळीत, तेवढ्या उंचीवर काय शक्य होतं ते इथे बसून ठरवणं मला जमणार नाही. पण त्या रांगेतले कितीतरी जण माथ्यावर पोचले आणि एक माणूस वाटेवर राहिला. तो दिवस फलकावर विक्रमाचा दिवस म्हणूनच लिहिला तर माझा हात थरथरेल.

कंदीपेढा
पेढ्याचं मी हसत म्हणालो होतो. हे वाचून गप्प झालो.

सांगलीवाडी
सांगलीहून एक प्रश्न. शेर्पांचे स्वतःचे विक्रम कोणते? कामी रिता सोडून एकही नाव मला सांगता येत नाही. त्यांची एव्हरेस्टवरची ३१ वी चढाई २०२५ च्या मे महिन्यात झाली हे पेपरात वाचलं होतं.

सह्यवेडी
खूप आहेत. दोनच सांगते, माझे लाडके.

आंग रिता शेर्पा. १९८३ ते १९९६ या काळात दहा वेळा एव्हरेस्टवर, दहाही वेळा बिनऑक्सिजनचा. त्यातली एक चढाई डिसेंबर १९८७ मधली, ऐन हिवाळ्यातली. त्या थंडीत मास्कशिवाय.

बाबू चिरी शेर्पा. मे १९९९ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर छोटा तंबू ठोकून २१ तास राहिला, कृत्रिम ऑक्सिजन न घेता. डॉक्टर वर सांगतायत ते पुन्हा वाचा आणि मग हे २१ तास डोळ्यांपुढे आणा. पुढच्या वर्षी बेस कॅम्पपासून माथा १७ तासांच्या आत गाठला. त्याला स्वतःला शाळेत जायला मिळालं नव्हतं, म्हणून गावात शाळा व्हावी ही त्याची धडपड होती. २००१ मध्ये वरच्या कॅम्पपाशी हिमभेगेत पडून गेला.

डॉ_माहुली
२१ तास हे माझ्या पुस्तकी ज्ञानात बसत नाही. उंचावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या लोकांच्या शरीरात त्या विरळ हवेशी जुळणारे आनुवंशिक बदल झालेले आहेत, हे खरं आहे. पण तेवढ्याने तंबूत २१ तास काढता येत नाहीत. त्या माणसाला स्वतःचं शरीर किती ओळखू येत असेल!

उलट टोकही सांगतो. २०२५ च्या मे महिन्यात चार ब्रिटिश लंडनहून निघून पाचव्या दिवशी एव्हरेस्टच्या माथ्यावर होते. आधी झेनॉन वायू हुंगला, घरी कमी ऑक्सिजनच्या तंबूत झोपले आणि चढताना नळकांडीही होती. गिर्यारोहणाच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने आधीच सांगितलं होतं की झेनॉनमुळे चढाई सोपी होते याचा पुरावा नाही. मला त्यात धोका दिसतो तो वेगळाच. उद्या पैसेवाला कोणीही म्हणेल, सुट्टी एकच आठवडा आहे, मला वर नेऊन आणा. नेणार कोण? पुन्हा शेर्पाच.

बोगद्यापलीकडे
एक हिशेब करून बघितला. अजिंक्यतारा शहरापासून ढोबळ मानाने तीनशे मीटर उंच. एव्हरेस्टचा नेपाळकडचा बेस कॅम्प ५,३६४ मीटरवर, माथा ८,८४८.८६. म्हणजे वरची चढाई साडेतीन हजार मीटरच्या आसपास, जवळजवळ बारा अजिंक्यतारे. गणपतीचे दहा दिवस. रोज एकदा आणि दोन दिवस दोनदा चढलं तर अनंत चतुर्दशीपर्यंत पोरांचा 'एव्हरेस्ट' होतो. मंगळाईच्या देवळापाशी एक वही ठेवा, तिथे सही.

घाटधाव
मी तयार. रोज पहाटे साडेपाचला पोरांना घेऊन जातो. वेळ मोजणार नाही, सगळ्यात मागचं पोर पोचेपर्यंत सह्यांची वही उघडायची नाही.

कोयनाकाठ
घाटधाव घड्याळ सोडतायत म्हणजे धागा सार्थकी लागला.

वहिनी_मंगळवारपेठ
बाई म्हणून थोडं माझंही ऐका. प्रियांका मोहितेला शेवटच्या फलकावर 'आपल्या गावची' म्हणून कोपऱ्यात बसवू नका. ती कामगिरीनेच तिथे बसते.

२०१३ ला एव्हरेस्ट, तेव्हा विशीत होती. २०१८ ला ल्होत्से, २०१९ ला मकालू. १६ एप्रिल २०२१ ला अन्नपूर्णा, ती चढणारी पहिली भारतीय स्त्री. मे २०२२ ला कांचनजंगा, आणि पाच आठहजारी शिखरं करणारी पहिली भारतीय स्त्री. हे लिहा, ठळक.

आणि अन्नपूर्णेचं म्हणाल तर... आपल्यात लग्नात मुलीला माहेरून अन्नपूर्णा देतात. हातात पळी घेतलेली, बोटाएवढी पितळी. माझी देव्हाऱ्यात आहे, आईने दिलेली. त्याच नावाचा डोंगर इतका माणूसघेणा असेल हे मला ती बातमी वाचेपर्यंत ठाऊक नव्हतं. कितीतरी वर्षं चौदांमध्ये सर्वांत जीवघेणा म्हणून तोच धरला जायचा. चौदांतला माणसाने सर्वांत आधी सर केलेला डोंगरही तोच, ३ जून १९५०. एव्हरेस्टच्या तीन वर्षं आधी. तेव्हा वर गेलेल्या दोघा फ्रेंचांना हिमदंश झाला, एकाने हातापायांची आणि दुसऱ्याने पायांची बोटं गमावली. त्या डोंगरावर आपल्या गल्लीबोळांत वाढलेली, अजिंक्यतारा चढून तयार झालेली मुलगी उभी राहिली. मी त्या दिवशी अन्नपूर्णेपुढे गोडाचा नैवेद्य दाखवला होता.

माणदेशी
वैनी, डोळ्यातनं पानी काढलं तुमी. आमच्या माणची ललिता बाबर रिओत फायनलला पळली तवा असंच झालतं आमच्या घरात. समदी टीव्हीम्होरं हुबी.

मास्तर_वाई
चारभिंती, आता मूळ प्रश्नाकडे या. पाच जागा आहेत आणि आम्ही तुम्हाला पंधरा नावं दिली.

सांगलीवाडी
मी एक सुचवू? पुर्जाला ठेवायचं, पण सहा महिन्यांसाठी नको. १६ जानेवारी २०२१, के-टू हिवाळ्यात पहिल्यांदा सर झाला. चौदांपैकी तेवढा एकच हिवाळ्यात कोणाला जमला नव्हता. कुकुच्काच्या पोलिश दोस्तांनी त्यावर कितीदा डोकं आपटलं होतं. दहा नेपाळी जण माथ्याच्या थोडं खाली एकमेकांसाठी थांबले आणि राष्ट्रगीत म्हणत एकत्र वर गेले. त्यात पुर्जा बिनऑक्सिजनचा होता. दहांतला पहिला कोण हे त्यांनी ठेवलंच नाही.

घाटधाव
हे मला चालेल. चालेल काय, याहून चांगलं मला सुचलंच नसतं.

चारभिंती
काल रात्री बैठक झाली. अकरा वाजले. हा धागा मोबाइलवरून मोठ्याने वाचला, अपशिंगेकर काकांचा प्रतिसाद दोनदा. मग ठरलं ते असं.

पहिला फलक मेस्नर आणि हाबेलर, १९७८. चौदा शिखरं खाली एका ओळीत, व्हिएस्टर्सचं म्हणणंही त्याच ओळीत. दुसरा कुकुच्का, धुराड्यासकट. चित्रकार पोरगा म्हणाला धुराडं मी काढणारच. तिसरा आंग रिता आणि बाबू चिरी. चौथा हिवाळी के-टू, दहाही नावं एकाच मापाच्या अक्षरात: निर्मल पुर्जा, गेल्जे शेर्पा, मिंग्मा डेव्हिड शेर्पा, मिंग्मा जी, सोना शेर्पा, मिंग्मा तेन्झी शेर्पा, पेम छिरी शेर्पा, दावा तेम्बा शेर्पा, किली पेम्बा शेर्पा, दावा तेन्जिंग शेर्पा. पाचवा प्रियांका मोहिते, वहिनींनी दिलेल्या सगळ्या तारखांसह, आणि तो फलक प्रवेशाशी.

हरिला आणि तेन्जेनवर बराच वाद झाला. ९२ दिवस वगळले तर लोक विचारणार, आणि लिहिले तर हसनला वगळता येत नाही. शेवटी के-टूच्या लगद्याच्या डोंगरावरच बॉटलनेकच्या जागी एक छोटी पाटी लावतोय. 'क्रिस्टिन हरिला आणि तेन्जेन शेर्पा, ९२ दिवस.' त्याखाली तेवढ्याच अक्षरात 'मोहम्मद हसन, हमाल.' रांगेतल्या माणसाला वाकून वाचावी लागेल एवढी उंची ठेवली आहे. ही कल्पना पुतणीची.

बारा अजिंक्यताऱ्यांची वही बोगद्यापलीकडे यांनी आणून दिली. पहिल्याच संध्याकाळी चाळीस नावं आली.

आता एकच अडचण. देखाव्यात खरी वस्तू एकही नाही. दोर, बूट, कुऱ्हाड, काहीही चालेल. पोरांना हाताळायला मिळालं पाहिजे.

सह्यवेडी
माझी आइस ॲक्स आणि क्रॅम्पॉन (बुटाला लावायचे लोखंडी काटे) देते. क्रॅम्पॉनची टोकं धारदार आहेत, काचेत ठेवा. जुना दोरही आहे, तो हाताळू द्या.

अपशिंगेकर
पाटीबद्दल आभार. नुब्राच्या त्या माणसाला फोन करून सांगितलं, त्याला मराठी येत नाही, तरी पाटीचा फोटो पाठव म्हणाला.

सॅक मी आणतो. वीस किलो वाळू भरून ठेवा, मोठी माणसं ती पाठीवर घेऊन मंडपाच्या पायऱ्या चढतील. पट्टे मी बांधून देईन. पहिल्या दिवशी आरतीच्या आधी येतो.

कंदीपेढा
वाळू माझ्या दुकानामागे पडली आहे. टेम्पो पण आहे. सकाळी सहाला पाठवतो.